सितारमेकर गल्लीतील लाकूड

सांगलीहून सुमारे १० किलोमीटरांवरील मिरजेत, सितारमेकर गल्लीत तंबोरा घ्यावयास आलेला गिऱ्हाईक प्रथम लाकडाची नक्षी पाहतो. लहरदार रेषांची फळी त्याला मोहविते. कारागीर मात्र ती मुकाट्याने बाजूस सारतो. दांडीसाठी त्याला हवी असते सरळ रेषांची, गाठ नसलेली, पुरती वाळलेली तूण. व्यापारी तिलाच ‘रेड सिडार’ म्हणतात. ती कर्नाटकातील जंगलांतून येते. तारांचा ताण दांडीला वर्षानुवर्षे सोसावयाचा असतो. जेथे रेषा वळते तेथे दमट हवेत लाकूडही वळू पाहते. व्हायोलिनचे उदाहरण काढले तरी तेथेही लहरदार मेपल पाठीस असते. बोलणारा पुढचा भाग सरळ रेषांच्या स्प्रूसचाच.

शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. तलवारींचे दिवस सरले. हातातील नेमकेपणा लाकडाच्या कामी आला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे येतात मंगळवेढ्याकडून. कडू जातीचे, खाण्यास निरुपयोगी. कारागीर ते बोटाने वाजवून निवडतो. भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली कोठे किती पातळ करावी, हेही त्याचा कानच ठरवितो. त्याचे मोजमाप कोणत्याही वहीत नाही.

जिनमंदिरातील भक्तीसाठी तंबोरा घेणाऱ्या श्रावकापुढे आणखी एक निवड असते. वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म, दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य ही तिन्ही येतात, आणि जुना तंबोरा तर तिन्हींना स्पर्श करी: जंगलाचे लाकूड, हस्तिदंताची नक्षी, लाखेचे पॉलिश. हस्तिदंत कायद्याने गेला, त्याच्या जागी सेल्युलॉइड आले. घोडी मात्र पुष्कळदा उंटाच्या हाडाचीच असते आणि न विचारता कोणी सांगत नाही. दक्षिणेकडील तंबोऱ्यास लाकडी घोडी चालते. तशी, अथवा कृत्रिम द्रव्याची, आधी सांगितल्यास येथेही बसविता येते. नाद किंचित बदलतो, हे मान्य करावयास हवे. पॉलिशबद्दल मात्र काम सुरू होण्यापूर्वीच बोलावे. एकदा चढलेली लाख उतरविणे वाद्याच्या हिताचे नसते.

उरतो जवारीचा दोरा. काही वादक रेशमाचा आग्रह धरतात. सुती दोऱ्याने जवारी उत्तम उघडते.