गोदातीरीं मिळालेली संथा

नाशिकास मुलीकडे राहावयास गेलों म्हणजे पहांटे रामकुंडावर जाण्याचा आमचा नेम सहसा चुकत नाहीं. गेल्या कार्तिकांत आमची नात सोबत आली, आणि जन्मभर इतरांना शिकविलेला एक धडा आम्हांलाच नव्यानें शिकावा लागला.

नातीनें शाळेंत फ्रेंच भाषा घेतली आहे. आदल्या आठवड्यांत तिची तोंडी परीक्षा होती. ‘ते संपवीत होते’ या अर्थाचें, अकरा रोमन अक्षरांचें एक क्रियापद ती नुसतें ‘फिनिसे’ असें म्हणत होती. आम्हांला फ्रेंचचा गंध नाहीं. संस्कृत शिकविल्याचा अभिमान मात्र दांडगा! ‘‘शेवटचीं अक्षरें गिळूं नकोस,’’ असें दटावून आम्हीं तिच्याकडून ‘फिनिसायेंत’ असें घोकवून घेतलें. पोर परीक्षेंत तसेंच म्हणाली. सारा वर्ग हंसला. घरीं येऊन तिनें आम्हांला बोल लाविला नाहीं. पण पुस्तक घेऊन आमच्यापाशीं बसणें सोडून दिलें. तें मौन आम्हांला फार लागलें.

त्या पहांटे घाटावर दोन वैदिक पठण करीत होते. नाशकांत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचीं घराणीं पुष्कळ. या शाखेंत ‘ष’चा उच्चार बहुधा ‘ख’ असा करितात. हातानें स्वर दाखवीत ते ‘पुरुष’ या शब्दाच्या जागीं ‘पुरुख’ म्हणाले. नात थबकली.

‘‘आजोबा, हे लिहिल्याप्रमाणें कां म्हणत नाहींत?’’

आम्ही निरुत्तर झालों. वेदपठणाची परंपरा युनेस्कोनें २००८ सालीं मानवजातीच्या वारशाच्या यादींत घेतली, ती गुरुमुखानें चालत आली म्हणूनच. तेथें लिहिलेल्या अक्षराहून गुरूचें मुख प्रमाण. मग फ्रेंचला तो न्याय कां नसावा?

पायरीवर बसून आम्हीं तिला ‘चिकीर्षामहे’ हें रूप तोडून दाखविलें: चि-कीर्-षा-म-हे. एकटें व्यंजन पुढील स्वराकडे जातें. जोडाक्षरांतलें पहिलें मागील स्वरास मिळतें. ती उत्साहानें म्हणाली, ‘‘आमचें फि-नि-से तसेंच तुटतें! शेवटचीं तीन अक्षरें कर्ते अनेक आहेत एवढेंच डोळ्यांना सांगतात. तोंडानें म्हणावयाचीं नसतात.’’

आपल्या मराठींत तरी निराळें काय आहे? ‘समजतात’ यांत अक्षरें पांच. बोलतांना मात्र स-मज्-तात् असे तीनच अवयव. लहानपणीं आईच्या तोंडून ऐकल्यामुळें तें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं.

‘‘चूक आमची झाली हो,’’ आम्ही म्हणालों. ती कांहीं बोलली नाहीं. पण त्या संध्याकाळीं पुस्तक घेऊन पुन्हां आमच्याजवळ येऊन बसली. आतां ती आधीं म्हणते आणि आम्ही मागून म्हणतों. साठी उलटल्यावर नवी संथा घेण्यांत कमीपणा कसला?