आप्त कोणास म्हणावें?

जें जसें आहे तें तसेंच सांगणारा तो आप्त, असा न्यायशास्त्राचा अभिप्राय आहे. त्याचें बोलणें तेंच शब्दप्रमाण. व्यवहारांत मात्र आप्त म्हणजे घरचें माणूस. दूरचित्रवाणीवर बातम्या सांगणारा गृहस्थ रोज दिवेलागणीस आमच्या बांद्याच्या घरीं थेट माजघरांत येतो. दुसऱ्या अर्थानें तो आप्त झालाच. पहिल्या अर्थानें आहे कीं नाहीं, हें पाहणें वडील मंडळींचें काम होय.

आमची नात पत्रकारिता शिकूं म्हणते. तिच्या आजीस हा पेशा फार धकाधकीचा वाटतो. आम्हीं दोघींपुढें राजदीप सरदेसाई यांचें उदाहरण ठेविलें. बांदें ओलांडलें कीं गोमंतक; तेथील मडगांवीं जन्मलेले क्रिकेटपटु दिलीप सरदेसाई यांचे हे चिरंजीव. ऑक्सफर्डास कायदा शिकून 1988 मध्यें ते मुंबईंत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लागले. 1994 मध्यें एनडीटीव्हींत गेले, 2005 मध्यें सीएनएन-आयबीएन ही वाहिनी उभारण्यांत अग्रणी झाले, 2008 मध्यें पद्मश्री मिळविली आणि 2014 मध्यें इंडिया टुडे समूहांत आले.

एवढा लौकिक, परंतु 26 जानेवारी 2021 रोजीं दिल्लींतील शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चांत एक आंदोलक मरण पावला, तेव्हां तो पोलिसांच्या गोळीबारांत मेल्याचें सांगतात, असें त्यांनीं समाजमाध्यमावर तत्काळ लिहिलें. पोलिसांनीं चित्रण प्रसिद्ध केल्यावर तें विधान त्यांनीं मागें घेतलें. वाहिनीनें त्यांस दोन आठवडे पडद्यापासून दूर ठेविलें. विधान मागें घेतलें हें उचितच झालें. पण तोंवर तें घरोघर पोंचलें होतें.

आमच्याच जिल्ह्यांतील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनीं 6 जानेवारी 1832 रोजीं ‘दर्पण’ काढलें, तेव्हां आरंभीं तें पंधरवड्यानें निघे. बातमी पडताळण्यास त्यांस दिवस मिळत. आजच्या वार्ताहरास दोन पळेंही मिळत नाहींत. म्हणून त्याच्या अंगीं संयम अधिक हवा, कमी नव्हे. तीस-तीस वर्षें मिळविलेला विश्वास एका ओळीनें पणास लागतो.

नातीस आम्हीं इतकेंच सांगितलें: अवश्य जा. मात्र सर्वांच्या आधीं सांगावें असा मोह होईल त्याच क्षणीं, हें प्रत्यक्ष पाहिलें कोणीं, असा प्रश्न स्वतःस विचार. आणि उत्तर न मिळाल्यास, ‘अद्याप खात्री नाहीं’ एवढे शब्द लाखों लोकांपुढें उच्चारण्याचें धैर्य बाळग.