अण्णांचा सावकाश घास

आमच्या गुळाच्या अडतीवर दुपारी सर्वांचे जेवण पंधरा मिनिटांत उरकत असे. अण्णांना मात्र पाऊण तास लागे. भाकरीचा तुकडा आमटीत भिजवायचा, बराच वेळ चावायचा, मग ताकाचा घोट घ्यायचा. सौद्याची वेळ होई, शेतकरी ओट्यावर ताटकळत बसत, तरी अण्णांचा डबा संपत नसे. घास छातीशी अडतो, असे ते क्वचित म्हणत. आम्ही ते हसण्यावारी नेले. कारभार माझ्या हाती आल्यावर एकदा नोकरांसमक्ष मी बोलून गेलो, "अण्णा, जेवायला बसलात की तुम्हाला धंद्याचे भानच राहत नाही." त्यांनी उत्तर दिले नाही. अर्धा डबा तसाच बंद करून ते गादीवर येऊन बसले.

गेल्या वर्षी रेंगाळलेल्या खोकल्यासाठी त्यांच्या छातीचा सीटी स्कॅन केला. अहवाल पाहून डॉक्टरांनी कागदावर एक आकृती काढली. हृदयातून निघालेली महाधमनी वर जाऊन कमानीसारखी वळते. बहुतेकांच्या कमानीतून तीन शाखा फुटतात. पहिली पुढे दुभंगून उजव्या हाताला आणि मानेच्या उजव्या बाजूला रक्त पुरवते. दुसरी मानेच्या डाव्या बाजूला, तिसरी डाव्या हाताला जाते. अण्णांच्या कमानीला चार शाखा होत्या. उजव्या हाताची धमनी स्वतंत्रपणे, सर्वांत शेवटी, डाव्या अंगाने निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे गेली होती. ही रचना जन्मापूर्वीच ठरते आणि शंभरांत जेमतेम एखाद्याच्या शरीरात आढळते. त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही. काहींच्या अन्ननलिकेवर मात्र दाब पडून घास अडतो.

अठराव्या शतकात डेव्हिड बेफर्ड या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका स्त्रीची हकीकत लिहिली. वर्षानुवर्षे तिला गिळता येत नव्हते. कारण कळले ते तिच्या मृत्यूनंतर, शवविच्छेदनात. या विकाराच्या नावात 'निसर्गाची थट्टा' अशा अर्थाचा लॅटिन शब्द आजही आहे. तो अर्थ ऐकताना मला आमच्या अडतीवरचे हसणे आठवले.

शस्त्रक्रियेची गरज नव्हती. "लहान घास, मऊ अन्न, सावकाश चावणे," डॉक्टर म्हणाले. अण्णा तर जन्मभर तेच करत आले होते! अहवाल जपून ठेवा, असेही त्यांनी बजावले. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी करताना ही वळणवाट अडचणीची ठरते. अशा व्यक्तींत आवाजाची उजवी नसही नेहमीच्या मार्गाने जात नाही, म्हणून थायरॉइडच्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनला हे ठाऊक असावे लागते.

त्या संध्याकाळी मी अण्णांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "मला तरी कुठे ठाऊक होते? मला वाटे, मीच आळशी."

आता दुपारी त्यांचा डबा संपेपर्यंत मी शेजारी बसून असतो.