सातवा अंक

तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंटा' म्हणजे तळे. आमच्या नल्लकुंट्यातील ते काळे तळे आम्ही कधी पाहिलेले नाही; परंतु गेल्या वर्षी आमच्या आजोबांच्या डाव्या डोळ्यापुढे तसेच काहीसे साचू लागले. त्या निमित्ताने आम्हांस जो धडा मिळाला, तो सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आजोबा बँकेत हिशेबनीस होते. एका पैशाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत खुर्ची न सोडणारे! मधुमेह वीस वर्षे त्यांच्या सोबतीला आहे. वर्तमानपत्रातील ओळी मध्येच वाकड्या दिसू लागल्या, तेव्हा ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या व डोळ्यामागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, तपासले. तेथील बारीक रक्तवाहिन्या मधुमेहामुळे झिरपू लागल्या होत्या आणि डाव्या पडद्याच्या मध्यभागी सूज आली होती. त्या डोळ्यात काही महिने दरमहा एक इंजेक्शन द्यावयाचे ठरले.

पहिले इंजेक्शन झाले. आजोबांनी पदरचे पैसे भरून विमा कंपनीकडे बिल धाडले. पंधरवड्याने उत्तर आले, की उपचार कोणत्या डोळ्यावर झाले याचा बिलात उल्लेख नाही, तरी खुलासा करावा.

"माझा डोळा अधू, पण यांचा कागद तर साफ आंधळा!" आजोबा कडाडले. पहिले पैसे हाती आल्याखेरीज दुसरे इंजेक्शन घ्यावयाचे नाही, असेही त्यांनी जाहीर केले. त्यांच्यापुढे बोलण्याची घरात कोणाचीच छाती झाली नाही.

आमची ताई मेडिकल कोडिंगचे काम करते. हैदराबादेत पुष्कळ तरुण-तरुणी हाच व्यवसाय करतात. अमेरिकेतील डॉक्टरांची टिपणे वाचावयाची आणि प्रत्येक आजारास ठरलेला सांकेतिक क्रमांक द्यावयाचा. त्याच्या आधारे तेथील विमा कंपन्या बिले तपासतात. सकाळी रात्रपाळीहून आलेल्या ताईने ते पत्र वाचले आणि ती आजोबांजवळ बसली.

"आजोबा, आमच्या यादीत 'ई ११' म्हणजे तुमच्यासारखा मधुमेह. पुढच्या अंकांत पडद्याचा विकार कोणत्या पायरीवर आहे आणि सूज आहे की नाही, ते येते. २०१६ च्या ऑक्टोबरपासून त्यांत सातवा अंक आला. १ म्हणजे उजवा डोळा, २ म्हणजे डावा, ३ म्हणजे दोन्ही."

आकडे म्हणजे आजोबांची मातृभाषाच! त्यांचा राग किंचित ओसरला. "आणि कोणता डोळा ते लिहिलेच नसेल तर?"

"तर ९."

"म्हणजे मी नऊ!"

"बिलापुरते. देश वेगळा, कागद वेगळे. पण प्रश्न तोच. कागद दुरुस्त करून घेता येईल, आजोबा. डोळा मात्र कंपनीच्या तारखेची वाट पाहत नाही. सूज तशीच राहिली तर गेलेली नजर मागाहून पैसे मोजून परत मिळत नाही."

आजोबा काही बोलले नाहीत. ताईने त्यांची फाईल मागितली. दवाखान्यात ती फाईल काखेत घेऊन जाण्याचा मान आमचा असे. ताई पाने उलटत होती, ती एका पानावर थांबली. तीन वर्षांपूर्वीचा तो कागद होता. 'दृष्टिपटलात विकाराची सुरुवात. दर वर्षी तपासणी आवश्यक,' असे त्यावर स्वच्छ इंग्रजीत लिहिलेले होते. त्यापुढे डोळ्यांचा कागदच नव्हता.

"तेव्हा मला चांगले दिसत होते, बाळ," आजोबा हळूच म्हणाले.

हा विकार आरंभी दुखत नाही, खुपत नाही आणि पुष्कळदा नजरही मंद करीत नाही; हेच त्याचे कपट. परंतु आम्हांस काय झाले होते? वर्गात इंग्रजीचे उतारे खड्या आवाजात वाचणारे आम्ही! ती फाईल आम्ही किती वेळा वाहिली, पण एकदाही उघडली नाही. बिल लिहिणाऱ्याने एक शब्द गाळला म्हणून घर पेटून उठले होते. आम्ही तर अख्खे पान गाळले होते.

दुसऱ्याच दिवशी आजोबांबरोबर निघालो. वाटेत फीव्हर हॉस्पिटल लागले. जुनी माणसे त्यास 'कोरंटी' म्हणतात. ते सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाचे आहे. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी येथून जवळच, सिकंदराबादेत पाहिले. आजोबा म्हणाले, "त्यांनी नुसते पाहिले नाही, लिहून ठेवले." आम्ही मनात म्हटले, 'आणि लोकांनी ते वाचले.'

बिलावर 'डावा डोळा' हे शब्द चढले, सही-शिक्का झाला आणि दुसरे इंजेक्शन वेळेवर मिळाले. विम्याचे पैसेही यथावकाश आले. ओळी आता बऱ्याच सरळ दिसतात. बारीक अक्षर मात्र डाव्या डोळ्यास पुन्हा लागले नाही. आहे ते टिकवावयाचे, असे डॉक्टर म्हणतात.

आजोबांनी जुन्या खतावणीत नवे पान आखून दिले आहे. त्यात तारीख, साखर, रक्तदाब, कोणता डोळा आणि पुढील तपासणी असे रकाने आहेत. ते भरण्याचे काम आमच्याकडे आहे. वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी फाईल असेल. आज ती एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती.