कच्च्या वहीला मार्क

एफवायच्या वर्गात पहिल्या आठवड्यात जे नियम सांगितले जातात ते महाराष्ट्रातल्या बहुतेक सायन्स कॉलेजांत थोड्याफार फरकाने सारखेच असतात. हजेरी ७५ टक्के हवी. एप्रनशिवाय लॅबमध्ये प्रवेश नाही. आकृत्या पेन्सिलीने, नावे उजव्या बाजूला एकाखाली एक. मागच्या प्रॅक्टिकलची जर्नल पुढच्या आठवड्यात सहीला आलीच पाहिजे, आणि सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येणार नाही. यातला एकही नियम मूर्खपणाचा नाही. पण सगळे एका दमात वाचले की लक्षात येते, विद्यार्थ्याने लॅबमध्ये काय पाहिले याची चौकशी यातला कुठलाच नियम करत नाही. तो आला का आणि त्याची वही मॅन्युअलसारखी दिसते का, एवढेच पाहिले जाते. माझे म्हणणे असे, की जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात बाकी काही बदलता आले नाही तरी चालेल. जर्नलचे मार्क मात्र कच्च्या वहीला द्यावेत. टेबलाशी बसून, पाहता पाहता, खाडाखोड करत लिहिलेल्या वहीला.

कांद्याच्या मुळाच्या टोकाचे प्रॅक्टिकल घ्या. वनस्पतिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी केलेले असते. मुळे अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात टाकून ठेवलेली असतात. ती कोमट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये मऊ करायची, ॲसेटोकार्मिनने रंगवायची, टोकाचे दोन-तीन मिलिमीटर ठेवून बाकीचे काढून टाकायचे, वर कव्हरस्लिप ठेवून ब्लॉटिंग पेपरवरून अंगठ्याने दाबायचे. कव्हरस्लिप सरकली की पेशी चोळल्या जातात, कमी दाबली तर एकावर एक चढून बसतात. घाईत टोकच फेकले गेले आणि वरचा भाग स्लाइडवर आला तर लांबट पेशींच्या रांगा दिसतात, विभाजनाचा पत्ता नसतो. आणि सगळे नीट जमले तरी दिसतात त्या बहुतेक इंटरफेजमधल्याच पेशी. मधूनच एखादा प्रोफेज भेटतो, मेटाफेज शोधावा लागतो आणि ॲनाफेजसाठी स्लाइड बराच वेळ इकडेतिकडे सरकवावी लागते. जर्नलमध्ये मात्र प्रत्येक अवस्थेचे एकेक वर्तुळ, सगळी सारख्या आकाराची, मेटाफेजमधली गुणसूत्रे कवायतीला उभी असल्यासारखी. ही चित्रे चुकीची नाहीत. पण कुठल्या अवस्थेत किती पेशी सापडतात यावरून त्या अवस्थेला किती वेळ लागत असावा याचा अंदाज बांधता येतो, आणि या प्रयोगातून हाती लागण्यासारखे सगळ्यात मोलाचे काही असेल तर ते हेच. सारख्या वर्तुळांत ते नेमके पुसले जाते. विद्यार्थी लॅबमधून बाहेर पडतो तो सगळ्या अवस्था सारख्याच वेळाच्या असतात असा समज घेऊन, आणि त्या समजाखाली आपलीच सही असते.

पुस्तकात आहे तेच दिसावे ही ओढ काही केवळ एफवायच्या मुलांची नाही. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे थिओफिलस पेंटर यांनी १९२३ मध्ये मांडले आणि पुढची तीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत ती ४८ च भरत राहिली. टी. सी. सू यांनी पेशी पातळ द्रावणात फुगवून गुणसूत्रे सुटी करण्याची युक्ती काढली, चित्र पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट झाले, तरी १९५२ च्या त्यांच्या निबंधात आकडा ४८ च राहिला. ज्यो हिन त्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमध्ये काम करून १९५६ मध्ये ४६ हा आकडा छापला तेव्हा कुठे हिशोब जुळला. ही सगळी मुरलेली माणसे होती. त्यांचे तंत्र अपुरे होते हे एक कारण, पण तंत्र सुधारल्यावरही आकडा जागचा हलला नाही, याचे कारण तो आधीच ठाऊक होता. अशा विषयात शिरणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला आपण पहिला धडा काय देतो, तर मॅन्युअलशी जुळले नाही की सही मिळत नाही. त्यात तो बहुतेक वेळा 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करून आलेला असतो. त्या परीक्षेत १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे आणि प्रत्येकाचे बरोबर उत्तर एकच. दोन वर्षे ज्याने अशीच उत्तरे हेरली, त्याला 'मला काहीतरी वेगळेच दिसले' असे म्हणायला धीर लागतो. तो धीर देणे हे पहिल्या वर्षाचे काम आहे.

शिवाय जीवशास्त्रात 'वेगळे दिसले' ही बहुतेक वेळा चूक नसतेच. लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग पाहा. स्टार्चच्या द्रावणात पातळ केलेली लाळ घालायची, ठरावीक वेळाने एकेक थेंब आयोडिनवर टाकायचा आणि निळा रंग उमटायचा कधी थांबतो ते नोंदवायचे. एकाच बाकावरच्या दोघांची रीडिंग क्वचितच जुळतात. मग दोघे शेजारच्या हुशार मुलीचे रीडिंग उतरवून घेतात आणि तिघांचा ग्राफ हुबेहूब सारखा येतो. वास्तविक त्या दोघांच्या लाळेत एन्झाइमचे प्रमाणच वेगळे असू शकते. लाळेतले अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती सगळ्या माणसांत सारख्या नसतात. ज्या समाजांच्या आहारात पिष्टमय पदार्थ भरपूर आहेत त्यांच्यात सरासरीने त्या जास्त आढळतात, हे २००७ मध्ये जॉर्ज पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. म्हणजे ज्या फरकातून उत्क्रांतीची गोष्ट सुरू व्हायची, तोच आपण रीडिंगच्या कॉलममधून खोडून टाकतो. (बेडकाच्या विच्छेदनाबद्दल अजूनही हळहळणारे सहकारी भेटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये ते टप्प्याटप्प्याने कमी करायला आणि २०१४ मध्ये बंद करायला सांगितले, ते योग्यच झाले. पण सॉफ्टवेअरमधला बेडूक दर वेळी सारखाच निघतो, तेव्हा डोळ्यांना वेगवेगळे दिसेल अशी उरलेली प्रॅक्टिकल्स तरी जपायला हवीत.)

कच्च्या वहीला मार्क द्यायचे ठरवले की बाकीचे नियम आपोआप नव्याने लिहावे लागतात. पाने क्रमांक घातलेली, पान फाडायचे नाही, चुकलेले एका रेघेने खोडायचे म्हणजे खालचे वाचता येते. तारीख, वेळ, मायक्रोस्कोपचा नंबर, कोणते ऑब्जेक्टिव्ह लावले ते. प्रत्येकाने शंभर पेशी मोजायच्या. बॅचमध्ये वीस जण असले की फळ्यावर दोन हजार पेशींचा तक्ता तयार होतो, आणि एकाचे आकडे दुसऱ्यापासून का फिरले यावर अर्धा तास बोलता येते. सही लॅब सुटताना, त्याच दिवशी. हजेरीच्या नियमालाही मग अर्थ येतो. लेक्चर बुडाले तर नोट्स मिळतात, पण दुसऱ्याने मोजलेल्या पेशी आपण मोजलेल्या होत नाहीत, म्हणून प्रॅक्टिकल चुकले तर ते पुन्हा करायची एक जादा बॅच सत्राच्या शेवटी हवी आणि आजारपण असो की एनसीसीचा कॅम्प, ती सगळ्यांना खुली हवी. आज आपण हजेरी कमी भरली म्हणून पालकांना बोलावतो आणि बुडालेल्या प्रॅक्टिकलची जर्नल मात्र मित्राची पाहून पूर्ण करायला सांगतो. हा विनोद आपल्या लक्षातही येत नाही, इतका अंगवळणी पडला आहे.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. एका शिक्षकाकडे तीन-चार बॅचेस, तासिका तत्त्वावरची नेमणूक, एवढ्या वह्या वाचणार कोण? खरे तर जर्नल तपासायलाही वेळ जातोच, फक्त तो वाचण्यात न जाता सह्या करण्यात जातो. कच्ची वही दर वेळी सगळी वाचायची गरज नाही. प्रत्येक प्रॅक्टिकलला चार-पाच वह्या नीट पाहाव्या, कुठल्या ते आधी सांगू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कच्ची वहीही बनावट लिहिता येईल. येईल. पण वीस जणांचे खरे आकडे विस्कळित असतात आणि रचलेले आकडे फार शहाण्यासारखे वागतात. फळ्यावर शेजारी शेजारी आले की ते ओळखू येतात. शिवाय खोटे लिहिण्याचे कारणच उरत नाही, कारण 'स्लाइड बिघडली, बहुधा टोक फेकले गेले' या नोंदीलाही पूर्ण मार्क आहेत. इथे लगेच दर्जा घसरेल अशी भीती घातली जाते. ती मला पटत नाही. बिघाडाचे कारण हुडकणे हे वर्तुळ काढण्यापेक्षा अवघड काम आहे. नीटस आकृतीचा अभिमान असणाऱ्यांना एवढेच सांगेन, की आकृती ठेवा, पण ती आपल्या स्लाइडवरून काढलेली असावी आणि मोजणीनंतर यावी.

नियम कडक केले की कमकुवत मुले गळतात, असेही म्हटले जाते. पुरावा काय सांगतो ते पाहू. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्राथमिक जीवशास्त्राच्या कोर्समध्ये रोजचा आणि आठवड्याचा सराव सक्तीचा केला तेव्हा सगळ्यांचीच कामगिरी सुधारली आणि वंचित पार्श्वभूमीच्या मुलांची पिछाडी कमी झाली, असा निष्कर्ष २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्याच विद्यापीठातल्या स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान आणि गणित शिक्षणातले २२५ अभ्यास एकत्र तपासले. मुलांना वर्गातच काम करायला लावणाऱ्या वर्गांच्या तुलनेत नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. हे अभ्यास कच्च्या वहीबद्दल नाहीत, तेव्हा त्यांच्यावर माझ्या सूचनेचे सगळे ओझे टाकणे बरोबर नाही. पण मुलांचे नुकसान सक्तीने होते की सक्ती चुकीच्या गोष्टीची असल्याने होते, एवढा प्रश्न त्यातून सुटतो. आपल्याकडे त्यात भाषेची भर आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी मॅन्युअल शब्दन् शब्द उतरवून जर्नल सजवते, आणि तिला काय कळले हे त्या सुंदर अक्षरामागे दडून राहते. कच्च्या वहीत तिने 'हिच्यात दोरे मधोमध आलेत, पण एक मागे राहिलाय' असे लिहिले तर तिने मेटाफेज पाहिला, एवढेच नव्हे तर नीट पाहिला. इंग्रजी नाव पुढच्या आठवड्यात शिकता येते.

एक्सटर्नल काय म्हणतील, नॅकवाल्यांना काय दाखवायचे, हे प्रश्न उरतात. नॅकला कागद हवा, तो आहेच, उलट जास्त आहे. आणि एक्सटर्नलनी वायवामध्ये जर्नलची पाने उलटून 'कम्प्लीट आहे ना?' विचारण्यापेक्षा कच्च्या वहीतला एक आकडा बोटाने दाखवावा आणि विचारावे, हा शेजारच्यापेक्षा एवढा कमी का आला. अंतर्गत गुणांची विभागणी बऱ्याच अंशी विभागाच्या हातात असते. त्यासाठी अभ्यास मंडळाच्या ठरावाची वाट पाहायची गरज नाही. सत्र सुरू होताना नोटीस बोर्डावर लागणाऱ्या कागदावरची दोन वाक्ये बदलली तरी पुरे.