इंद्रजालाच्या फांद्या

मुलांनो, आज माझीच एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका यात्रेत मी काचेच्या चौकटीतलं 'इंद्रजाल' विकत घेतलं. काळसर, जाळीदार, पंख्यासारखं पसरलेलं. "दुर्मिळ वनस्पती आहे, घरात बरकत येते," विकणारा म्हणाला. बरकतीचं सोडा, पण वस्तू मला आवडली. दुसऱ्याच दिवशी चौथीच्या वर्गात नेली आणि ऐटीत सांगितलं, "हे एक झाड."

आपल्या धरणगावच्या मुलांना कपाशी काही नवी नाही. एक मुलगा काचेला नाक लावून म्हणाला, "सर, पऱ्हाटीची फांदी एकदा फुटली की परत दुसरीला चिकटत नाही. इथं तर सगळ्या चिकटल्यात!"

मी गप्प. खरंच की!

संध्याकाळी चौकट उघडून भिंगातून पाहिलं. फांद्यांवर कुठे कुठे पांढुरकी खपली होती, तिच्यात बारीक छिद्रं. खपलीवर व्हिनेगरचा थेंब टाकला, तर बुडबुडे! म्हणजे चुना. झाडाची साल काही अशी फसफसत नाही. मग पुस्तकं चाळली आणि उलगडा झाला. हा तर समुद्रपंखा, मऊ प्रवाळाचा भाऊबंद! म्हणजे झाड नव्हेच, इवल्या प्राण्यांची वसाहत. एकेका छिद्रात एकेक जीव, आणि त्याला पिसासारखी झालर असलेले आठ हात. मऊ प्रवाळालाही आठच. समुद्रात हा पंखा प्रवाहाला आडवा उभा राहतो आणि वाहत येणारे सूक्ष्म जीव पकडून खातो. (काळं प्रवाळही याच नावानं विकतात. त्यावर चुन्याची खपली नसते, बारीक काटे असतात.)

नेमकी जात ओळखायला मात्र भिंग पुरत नाही. रंग-आकार फसवतात. शास्त्रज्ञ त्याच्या अंगातले चुन्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यांना स्क्लेराइट म्हणतात. कुणाचे टकळीसारखे, कुणाचे गाठाळ. मऊ प्रवाळांची ओळखही अशीच पटवतात.

वाचता वाचता पुढचं कळलं आणि मला घामच फुटला. 2001 सालापासून समुद्रपंख्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, थेट वाघाच्या पंक्तीला! विकणारा गुन्हेगार, तसा घेणाराही. आई म्हणाली, "मंग हाई जनावर शे का? देवघरात नको रे बाबा!" सकाळी चौकट वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिली, घडलं ते सांगितलं, आणि शाळेत गेलो.

"मुलांनो, कालचं झाड हा प्राणी होता. मी चुकीचं शिकवलं."

तो मुलगा उभा राहिला. "सर, मग पऱ्हाटीचं माझं बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," मी म्हणालो.