दोन चमचे शिरखुर्मा

आपल्याकडे ईदच्या दिवशी ‘नको’ या शब्दाला फारशी किंमत नसते. पाहुणा नको म्हणाला की तो तकल्लुफ करतोय असं समजायचं आणि वाटी पुन्हा भरायची, हा रिवाज. मराठी घरांत तरी कुठे वेगळं आहे? तिथे त्याला आग्रह म्हणतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. हे दोन शब्द मुलांना समजावताना मला कधी अडचण आली नाही. अडचण आली ती माझ्या पोटाचा मोठा भाग काढून टाकल्यावर. त्यानंतर माझं ‘नको’ खरोखरचं नको होतं, आणि ते लोकांना पटवून द्यायला दोन्ही भाषा अपुऱ्या पडल्या.

२४ जानेवारी २०२४ रोजी पुण्यातल्या एका रुग्णालयात माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११२ किलो आणि उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ४५ च्या आसपास. सोबत मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी. अब्बांचा पाय मधुमेहात गेला, नंतर अब्बाही गेले. मी त्याच रस्त्यावर चालले होते. काही नातेवाईक म्हणाले, हा तर सोपा मार्ग आहे, तोंडावर ताबा ठेवला असता तर झालं असतं. एक खाला म्हणाल्या, अल्लाहने दिलेलं शरीर कापायचं कशाला? आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनी उलट मलाच विचारलं, ‘अपेंडिक्स काढतात तेव्हा कुणी असं विचारतं का?’ आजारावर इलाज करायला दीनमध्ये मनाई नाही. लठ्ठपणा हा आजार आहे, हे मात्र आपल्या समाजाला अजून मान्य करायचं आहे. भारतीयांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई लोकांसाठी या शस्त्रक्रियेची मर्यादा बीएमआय २७.५ पर्यंत खाली आणली आहे.

माझी शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह’ प्रकारची. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे उरते. भूक जागी करणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूकच लागत नाही. पण वास येतो, आठवण येते आणि ईदही येते. त्यांचं काय करायचं, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

शस्त्रक्रियेआधीच्या वर्षातल्या दोन ईद मला नीट आठवतात. २२ एप्रिल २०२३ ची रमजान ईद. तोवर डॉक्टरांची पहिली भेट झाली होती. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘अब्बी खा लो, बाद में कहाँ मिलने वाला है?’ दहा घरं, दहा वाट्या शिरखुर्मा, वर बिर्याणी. शस्त्रक्रियेआधी जणू जेवणाचा जनाजा निघावा तसं खाणारे पुष्कळ असतात, आणि प्रेमापोटी खायला घालणारे त्याहून जास्त. दुसरी २९ जून २०२३ ची बकरी ईद. त्या दिवशी आषाढी एकादशीही होती. पंढरपूर आमच्याच सोलापूर जिल्ह्यात. राज्यात ठिकठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवशी केली. कुर्बानी तीन दिवस करता येते, त्यामुळे शरियतचीही हरकत नव्हती. आम्ही ईदची नमाज पढलो, गळाभेटी झाल्या, दुपारी साधं वरण-भात जेवलो. ईद कुठेही कमी पडली नाही. सणाचं खाणं बाजूला सरकवलं तरी सण जागचा हलत नाही, हे त्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याने पाहिलं. पुढे मला त्याचा फार आधार वाटला.

शस्त्रक्रियेच्या आधी दोन आठवडे खास आहार असतो. प्रथिनं जास्त, पिष्ट आणि साखर अगदी कमी. चरबीने सुजलेलं यकृत त्याने आक्रसतं आणि सर्जनला त्याच्याखालचं जठर नीट दिसतं. नेमकी त्या दोन आठवड्यांत, १५ जानेवारीला, संक्रांत आली. स्टाफरूममध्ये तिळगुळाचे डबे फिरू लागले. तिळगूळ नाकारणं म्हणजे गोड बोलायला नाकारण्यासारखं. मी प्रत्येकीकडून घेतला, रुमालात बांधला आणि सरळ सांगितलं, ‘माझं ऑपरेशन आहे, लिव्हर लहान करायचंय. हा घरी मुलं खातील.’ कुणी रुसलं नाही. कारण ऐकल्यावर आग्रह थांबतो, नुसत्या ‘नको’ने थांबत नाही.

१२ मार्च २०२४ ला रमजान सुरू झाला तेव्हा शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले होते. रोजा ठेवायचा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. या काळात दिवसाला दीड-दोन लिटर पाणी घोट-घोट करून पोटात जावं लागतं. एकदम ग्लासभर पाणी पिता येत नाही, आणि जेवताना तर पाणी नाहीच. मध्ये अर्धा तास सोडायचा. प्रथिनं ६० ते ८० ग्रॅम. सोलापूरच्या मार्चमध्ये तेरा-साडेतेरा तास कोरडं राहून हा हिशेब कसा बसणार? सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे. सवलत देणारा अल्लाह, तर लाजायचं कुणाला? तरी पहिले काही दिवस स्टाफरूममध्ये बाटली काढताना नजरा जाणवायच्या. रमजानमध्ये बायका मासिक पाळीतसुद्धा लपून पाणी पितात, ही आपली सवय. मी ती बाटली टेबलावरच ठेवू लागले. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, आपका रोजा नहीं?’ मी म्हटलं, ‘डॉक्टरने मना किया है, बेटा. बाद में रखूँगी.’ तिने मान हलवली आणि वही पुढे केली. मोठ्यांना मात्र एवढं सोपं नव्हतं.

११ एप्रिलची ईद अवघड गेली, ती अम्मीमुळे. अम्मीचा शिरखुर्मा म्हणजे रात्री भिजवलेली खारीक, चारोळी, तुपात परतलेली शेवई आणि आटलेलं दूध. साखर आणि तूप एकदम पोटात गेलं तर मला घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते. याला डंपिंग म्हणतात. बायपास केलेल्यांना हा त्रास जास्त होतो, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतो. मी दोन चमचे घेतले, सावकाश खाल्ले आणि वाटी खाली ठेवली. अम्मी म्हणाली, ‘इत्ताच? इत्ता तो चिमणी बी खाती.’ मग गप्प झाली. अब्बा गेल्यापासून खायला घालणं हीच तिची बोलण्याची पद्धत उरली होती, आणि ती बंद केली ती तिच्या मुलीने. मी समजावलं, फाइल दाखवली. तिने फाइल पाहिली आणि वाटी फ्रीजमध्ये ठेवून दिली. आजही ती माझ्या नावाची वाटी पूर्ण भरते. मी दोन चमचे खाते, उरलेली माझा मुलगा संपवतो. समेट म्हणावा तर एवढाच.

१७ जूनच्या बकरी ईदला मला माझी पद्धत सापडली. मटणाचे तुकडे जड जातात, धागे अडकतात. खिमा मऊ शिजवून, ओलसर ठेवून चांगला पचतो. आधी खिमा किंवा अंडं, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भात. घास चावून चावून पातळ करायचा. नळीचं म्हणणं ऐकायचं. एक घास जास्त झाला की छातीत दगड बसतो. कुर्बानीच्या गोश्तचे तीन हिस्से करायचा दंडक आपल्याला ठाऊक आहे: घरचा, नातलगांचा, गरिबांचा. पोटाचेही तीन भाग करावेत, अन्नाला, पाण्याला आणि श्वासाला, अशा आशयाची हदीस आपण मुलांना शिकवतो. त्या वर्षी आमच्या घरचा हिस्सा लहान झाला आणि दारावर वाटायचा मोठा. बरकत म्हणजे काय, ते मला पुस्तकापेक्षा त्या परातीने जास्त समजावलं.

सुटलेले तीस रोजे मी नोव्हेंबर २०२४ पासून डॉक्टरांच्या परवानगीने कजा केले. दिवस लहान, हवा थंड, आठवड्यातून दोन. मग २ मार्च २०२५ ला सुरू झालेल्या रमजानमध्ये, चौदाव्या महिन्यात, पूर्ण रोजे ठेवता आले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. खजूर आणि चार घोट पाण्याने रोजा सोडायचा, मगरिबची नमाज पढायची आणि मग जेवायचं, या जुन्या सुन्नतमध्ये डॉक्टरांचा अर्धा तास जवळजवळ आपोआप सांभाळला जातो. भजी, सामोसे आणि सरबत एकाच वेळी, ही भर आपण नंतर घातली. तरावीहनंतर पाण्याचे घोट, सहेरीला दोन अंडी आणि दही. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मला आता जन्मभराच्या आहेत. त्या इफ्तार आणि सहेरीत वाटून घेतल्या.

आज वजन ७८ किलो आहे. मधुमेहाची गोळी सध्या बंद आहे, तपासणी चालू आहे. दुसऱ्या वर्षात भूक हळूहळू परत येते, वजनही परत येऊ शकतं. शस्त्रक्रिया म्हणजे फक्त एक संधी, हे आता चांगलंच कळतंय.

ही शस्त्रक्रिया झालेल्यांना रमजान जवळ आला की एकच सांगेन: रोज्याचा निर्णय आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. दुसऱ्याचे महिने मोजून घेऊ नका. आणि ज्यांच्या घरी असं माणूस ईदला येणार आहे त्यांनी ‘खाओ, खाओ’ म्हणण्याऐवजी ‘क्या चलेगा आपको?’ एवढंच विचारावं. लहान वाटी द्या, शेजारी बसा, उरलेलं डब्यात बांधून द्या. मेहमाननवाजीत काही कमी राहणार नाही.